तीन दरोडेखोर आणि एक तान्हं बाळ

आज दुपारी दिग्दर्शक जॉन फोर्डचा १९४८ सालचा सिनेमा 'थ्री गॉडफादर्स' पाहिला, आणि मन अजून त्यातच आहे. बँक लुटून वाळवंटात पळालेले तिघे. प्यायला पाणी नाही, आणि मरणपंथाला लागलेली एक बाळंतीण आपलं लेकरू त्यांच्या ओटीत घालते. बाळाच्या अंगाला गाडीचं वंगण चोळणारा, तिघांतला एक झालेला नट जॉन वेन! वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉयपटात, इतकी माया मला अपेक्षितच नव्हती.

फोर्डनं सिनेमा आपल्या जुन्या नटाला, १९४७मध्ये वारलेल्या हॅरी केरीला, अर्पण केलाय. तिघांतला कोवळा पोरगा झालाय केरीचाच मुलगा. तो बाळाला अंगाई गातो तेव्हा गलबलून येतं. (तिसरा दरोडेखोर झालेला पेद्रो आर्मेंदारिसही अप्रतिम!) नाताळात घरच्यांसोबत जरूर बघा. मीही आईला दाखवणार आहे.