दोन इंजिनांतून एक

माझ्या बोटीच्या मोटरला कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र, लावून सुरू करायची दोरी पाच-सहा वेळा ओढली. वरचा सिलिंडर १०० पीएसआय, खालचा ४५. दोघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, इथे निम्माही दम उरला नव्हता. माझं ९.९ हॉर्सपॉवरचं इव्हिनरूड, बोटीच्या मागे लावायचं इंजिन, सुरू व्हायचं, गुरगुरायचंही छान, पण बोट काही ओढायचं नाही. हेड उघडलं तर खालच्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे, नख अडकेल इतके खोल. पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरच्या दोन पात्या तुटल्या होत्या. इंजिन थंड ठेवणारं पाणी वर चढलं नाही, पिस्टन तापून फुगला आणि भिंत खरवडत राहिला. गिअरकेसचं, म्हणजे खाली प्रोपेलरजवळच्या गिअरच्या पेटीचं, तेल सोडलं तर तेही दुधाळ. म्हणजे खालीही पाणी शिरलेलं.

सिलिंडर आतून कोरून (बोअर करून) मोठा पिस्टन टाकता आला असता. पण तेवढ्यात टाकून दिलेलं एक १५ हॉर्सपॉवरचं जॉन्सन हाती लागलं. ते चालायचं, पण प्रोपेलर फिरायचा नाही. क्रँकशाफ्टच्या खालच्या टोकाचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते, त्यामुळे ड्राइव्हशाफ्टला, म्हणजे इंजिनापासून खाली गिअरकेसपर्यंत जाणाऱ्या उभ्या दांड्याला, पकडच मिळत नव्हती.

जॉन्सन आणि इव्हिनरूड ही दोन नावं १९३०च्या दशकापासून एकाच कंपनीची. १९७४ ते १९९२ पर्यंतच्या त्यांच्या ९.९ आणि १५ या दोन्ही इंजिनांचा गाभा एकच: २१६ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. पाच हॉर्सपॉवरचा फरक मुख्यतः कार्बोरेटरच्या तोंडाचा. ओएमसी ही मूळ कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली, तरी या इंजिनांचे सुटे भाग अजून मिळतात, त्याचं मोठं कारण हे सारखेपणच. वर्ष ओळखायला १९८० पासूनच्या मॉडेल नंबरांत एक गंमत आहे. 'इंट्रोड्यूसेस' (INTRODUCES) या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरं म्हणजे ओळीने १ ते ९ आणि शेवटी ०. शेवटचं अक्षर सोडून त्याआधीची दोन वाचायची. माझ्या इंजिनावर 'सीएन' होतं, म्हणजे ८२. जॉन्सनवर 'सीआर', म्हणजे ८४. हे कळल्यावर मी दोन दिवस दिसेल त्या मोटरचं वय सांगत सुटले होते.

हिशोब सोपा वाटला: जॉन्सनचा ब्लॉक, पिस्टन आणि गिअरकेस, माझा क्रँक आणि ड्राइव्हशाफ्ट.

पहिला धडा क्रँककेसने, म्हणजे क्रँकभोवतीच्या दोन अर्ध्यांच्या घराने, दिला. सगळे बोल्ट काढले, रबरी हातोडीने ठोकलं, ढिम्म. चीड येऊन पेचकस फटीत घालणार, इतक्यात टेपर पिन दिसली. दोन अर्धे जागेवर धरणारी ही निमुळती पिन एकाच बाजूने बाहेर पडते. दुसऱ्या बाजूने ठोकली की आणखी घट्ट बसते, आणि मी अर्थातच आधी तिथूनच ठोकली होती. पेचकस घातला असता तर ब्लॉक कायमचा गेला असता, कारण त्या सांध्यात गॅस्केट नसतं. धातूला धातू आणि मध्ये सीलंटचा पातळ थर, बस्स.

सारखेपणाची हद्दही इथेच कळली. ब्लॉक आणि क्रँककेसचं झाकण कारखान्यात एकत्र बसवून बेअरिंगची भोकं कोरतात. एकाचा ब्लॉक आणि दुसऱ्याचं झाकण चालत नाही, जोडी नेहमी सोबत. कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या टोपीचंही तसंच. टोपी उलटी तर चालत नाहीच, शेजारच्या रॉडचीही नाही. घट्ट करताना पेन्सिलचं टोक सांध्यावरून फिरवून बघायचं. टोक अडखळलं तर बोल्ट सैल करून पुन्हा. एका रॉडला मला चार वेळा करावं लागलं.

पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा असतो, त्याची एक बाजू उभी आणि एक उतरती. उतार एक्झॉस्टकडे. हे पाठ होतं, तरी पहिला पिस्टन मी उलटा धरला होता. रिंगांच्या खाचेत बारीकशी खुंटी असते, रिंगची दोन टोकं तिच्या दोन्ही अंगांना यायला हवीत. खालची रिंग बसली. वरची तेल लावून बोटांनी दाबत पिस्टन आत सरकवला, किंचित अडलं, आणि मी 'जाईल' म्हणून ढकललं. टिक. इतका बारीक आवाज, पण पोटात खड्डा पडला. रिंगचे दोन तुकडे. नवी येईपर्यंत आठवडा गेला. तो मी कार्बोरेटर धुण्यात घालवला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

फ्लायव्हील आणि इग्निशन मात्र मी माझंच ठेवलं. चालू असलेली ती जोडी उगाच फोडायची नाही, असं माझं ठाम मत आहे. फ्लायव्हील काढताना पुलर मधल्या तीन भोकांतच लावायचा, कडेला धरून ओढलं तर ते वाकतं.

मग गिअरकेस. जॉन्सन लाँग शाफ्टचं होतं, २० इंची, माझं १५ इंची. ड्राइव्हशाफ्ट आठवणीने माझा घातला, नवा इम्पेलर बसवला, गिअरकेस मोटरच्या पायाला, म्हणजे इंजिनाखालच्या उभ्या भागाला, लावलं तर मध्ये चांगली मोठी फट. दोनदा दाते जुळवून पाहिले, शाफ्ट फिरवून पाहिला, मग खाली वाकून बघितलं. गिअर बदलायची सळई जॉन्सनचीच राहिली होती, पाच इंच जास्त लांब. स्वतःवरच हसू आलं. माझी सळई घातल्यावर गिअरकेस अलगद वर जाऊन बसलं.

कार्बोरेटर जॉन्सनचा लावला, म्हणजे आता ते १५ झालं. आधी बोटीच्या पाटीवर किती हॉर्सपॉवर चालते ते पाहिलं. मग झाकणावरचा ९.९ चा स्टिकर खरवडून काढला. काही जलाशयांवर ९.९ चीच मर्यादा असते, तिथे तो स्टिकर म्हणजे उघड थाप झाली असती.

पहिल्या तासांसाठी पेट्रोल-ऑइलचं नेहमीच्या ५०:१ ऐवजी २५:१ मिश्रण, म्हणजे दुप्पट ऑइल. पाण्याने भरलेल्या पिंपात मोटरचा पाय बुडवला, कारण कोरडं चालवलं तर नवा इम्पेलर काही सेकंदांत जळतो. सातव्या ओढीला धडधडलं. निळा धूर इतका की झाकण दिसेना. मी मात्र पंपाचं पाणी जिथून बाहेर येतं त्या मागच्या बारीक भोकाकडे बघत होते. पाच सेकंद, दहा सेकंद, काही नाही. हात स्टॉपच्या बटणावर गेला, तेवढ्यात भोकाने दोन थुंकी टाकल्या आणि पाण्याची सरळ धार सुरू झाली.

दहा तास चालवून पुन्हा गेज लावलं. वर १०५, खाली १०२.