चमत्कार काढले, तर उरतं काय?

पटकथालेखनाच्या शिबिरात कुणी ना कुणी हमखास विचारतं, "दंतकथेवरून ऐतिहासिक मालिका लिहायची आणि तिच्यातले चमत्कार गाळायचे, तर उरतं काय?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं उत्तर म्हणजे 'अल्-झीर सालिम' ही २००० सालची सीरियन मालिका. लेखन ममदूह अदवान यांचं, दिग्दर्शन हातिम अली यांचं. मस्कतला नोकरीला होते तेव्हा एका सीरियन मैत्रिणीच्या घरी ती पाहिली. संवाद जुन्या, ग्रांथिक अरबीत आणि मला अरबी येत होतं बाजारहाटापुरतं. ती मध्येच टीव्ही थांबवून अर्थ सांगायची आणि सांगता सांगता डोळे पुसायची.

गोष्ट इस्लामपूर्व अरबस्तानातली. तघ्लिब आणि बक्र या एकमेकींशी सोयरीक असलेल्या भाऊबंद टोळ्या. तघ्लिबचा प्रमुख कुलैब एका सांडणीला बाण मारतो. सांडणी असते बसूस नावाच्या बाईच्या आश्रयाला आलेल्या माणसाची. तिचा भाचा, बक्र टोळीचा जस्सास, कुलैबचा जीव घेतो आणि युद्ध पेटतं. परंपरा सांगते, चाळीस वर्षं. कुलैबचा भाऊ झीर, दारू, बायका आणि कवितेत रमलेला, सूड घ्यायला उठतो. कॉफीखान्यात बसून ही कथा सांगणाऱ्यांच्या तोंडी तो सिंहाशी झुंजतो, आणि मरणारा कुलैब स्वतःच्या रक्ताने दगडावर लिहून ठेवतो, तह करू नकोस.

अदवान स्वतः कवी आणि नाटककार. या नायकाची लोककथा, इतिहास आणि नाट्यरचना यांवर त्यांनी वेगळं पुस्तकच लिहिलं. मालिकेतला कुलैब आधी आपल्या माणसांना जुलमातून सोडवतो आणि मग स्वतःच जुलमी होतो. जुन्या वृत्तांतात याचा एक विलक्षण तपशील आहे. कुलैब म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. आवडत्या कुरणात तो पिल्लू सोडायचा आणि त्याचं भुंकणं ऐकू येईल तिथवर दुसऱ्या कुणी जनावरं चारायची नाहीत. वाळवंटात गवत आणि पाणी अडवणं म्हणजे काय, ते समजलं की सांडणी निमित्तापुरती उरते आणि जस्सासचा खलनायक करायची गरज पडत नाही. आबिद फहद यांनी तो तसाच उभा केलाय, अपमान गिळत गिळत कडू झालेला. झीर झालेले सल्लूम हद्दादही थोरच, पण मला झोप लागू दिली नाही ती जस्सासने.

आणि जलीलाने. ती कुलैबची बायको आणि जस्सासची सख्खी बहीण. नवऱ्यासाठी शोक करायला बायका जमल्या, तेव्हा कुलैबच्या बहिणीने तिला उठून जायला सांगितलं, मारेकऱ्याची बहीण म्हणून. तिच्या नावावर एक जुनी कविता आहे. त्यात ती म्हणते, दोष द्यायची घाई करू नकोस, आधी विचार तरी. पुढे म्हणते, मीच मारणारी आणि मीच मारली गेलेली. रडायचं ते नवऱ्यासाठी आणि भीती वाटायची ती भावाच्या जिवाची! कुठला सिंह याच्यापुढे उभा राहील?

हारिस इब्न अब्बादचंही तसंच. बक्रचा हा शहाणा माणूस युद्धापासून लांब राहिला. 'यात माझी ना सांडणी, ना उंट' हे त्याचे शब्द म्हणून सांगतात. मस्कतच्या ऑफिसात भांडण लागलं की आमचा अरब हिशेबनीस हेच म्हणून चहा प्यायला निघून जायचा. हारिसने तह व्हावा म्हणून मुलाला पाठवलं. झीरने त्याला मारलं आणि म्हणाला, ही तर कुलैबच्या चपलेच्या वादीची भरपाई. मग हारिसनेही लढायला घोडी मागवली. झीरबद्दल आपल्याला वाटणारी माया त्या एका वाक्यापाशी अडते. हा प्रसंग सौम्य केला असता, तर सगळी मालिका खोटी पडली असती.

शिबिरातल्या मुलांना मी मात्र जलीलावरच लिहायला बसवते. नवरा गेला तेव्हा ती गरोदर होती. माहेरी परतली, मुलगा झाला, आणि बापाला मारणाऱ्या मामाच्याच घरात तो वाढला. मामाने त्याला आपली मुलगीही दिली, असं सांगतात. प्रसंग एवढाच लिहायचा: संध्याकाळ झाली आहे, मामाभाचे जेवायला बसले आहेत, आणि जलीला वाढते आहे.