रविवार जमैकाच्या नावे

आज दुपारी वाळवणाचे कपडे घड्या घालता घालता 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली नेटबॉलची फायनल यूट्यूबवर बघितली. जमैका विरुद्ध ऑस्ट्रेलिया. अर्ध्या घड्या तशाच राहिल्या!

जमैकाच्या मुलींना 'सनशाइन गर्ल्स' म्हणतात. त्यांची शूटर जॅनील फाउलर साडेसहा फूट उंच. नेटबॉल बास्केटबॉलसारखाच, पण रिंग दहा फुटांवर असली तरी मागे बोर्ड नाही, बॉल हातात घेऊन पळायचं नाही आणि तीन सेकंदांत सोडायचा. ती वर हात करते, डोक्यावरून आलेला पास अलगद झेलते, क्षणभर थांबते आणि नुसतं मनगट हलवते. आमच्या माळ्यावरचा डबा काढावा तितक्या सहज. (मला तर त्यालाही स्टूल लागतं.)

साखळीत याच ऑस्ट्रेलियाला त्यांनी 57-55 हरवलं होतं. फायनल मात्र 51-55 ने गेली. चार गोल फक्त!

आणि मग आठवलं, त्याच दिवशी, त्याच स्पर्धेत आपल्या पोरी क्रिकेटची फायनल ऑस्ट्रेलियाकडूनच नऊ धावांनी हरल्या होत्या. तेव्हा मी रात्री जेवले नव्हते. जमैकाची फायनल होती हे गावीही नव्हतं.

घड्या अजून पलंगावरच आहेत.