सात नंबरची डबी

स्पार्क काउंटरचा आवाज माझ्या कानात बसलाय. फिल्मवरच्या प्रत्येक भोकातून एक ठिणगी उडते आणि टिक् वाजतं. पुण्यातल्या फिल्म मोजताना टिक्, जरा थांबून टिक्, असं संथ चालतं. मधे चहाचा घोट घेता येतो. त्या दिवशी सात नंबरची फिल्म लावली आणि फोडणीत मोहरी पडावी तसा तडतडाट सुरू झाला. मी मशीनच बिघडलं असं धरून तीच फिल्म पुन्हा मोजली. आकडा तोच.

आमचं काम सोपं आहे, कंटाळवाणंही आहे. शाळा, बालवाड्या, पाळणाघरं यांतल्या जमिनीला लागून असलेल्या खोल्यांत डब्या टांगायच्या आणि ९० दिवसांनी काढून आणायच्या. डबी म्हणजे मुठीएवढं प्लॅस्टिकचं भांडं, आत एलआर-११५ या लाल फिल्मचा छोटा तुकडा. रेडॉन म्हणजे जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू. त्यातून सुटलेला अल्फा कण फिल्मवर आदळला की डोळ्यांना न दिसणारा ओरखडा उठतो. मग फिल्म ६० अंशांच्या कॉस्टिक सोड्यात दीड तास ठेवली की त्या ओरखड्याचं आरपार भोक होतं.

पुण्यात हे करायची गरज काय, असं सगळेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपल्या पायाखालचा काळा दगड, बेसाल्ट, ग्रॅनाइटच्या मानानं युरेनियममध्ये फारच गरीब. आणि युरेनियमपासूनच पुढे रेडियम, रेडियमपासून रेडॉन. बहुतेक खोल्यांत आम्हाला घनमीटरला २५ ते ४० बेकरेल (किरणोत्साराचं एकक) मिळत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरांसाठी १०० ची पातळी सुचवली आणि ते जमत नसेल तर निदान ३०० च्या पुढे जाऊ नका म्हटलं. सात नंबर २६० दाखवत होता.

नोंदवही उघडली. कोथरूडला टेकडीच्या उतारावर एक सोसायटी. पूर्वी तिथे बंगला होता, तो पाडून इमारत झाली. तळमजल्यावर एक काकू पाळणाघर चालवतात. पुढच्या दोन खोल्यांत मुलं, मागे एक स्टोअर. त्या खोलीची मागची भिंत टेकडीच्या पोटात गेलेली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘खोली ७, अडगळ, मुलांचा वापर नाही.’

मग चिंता कसली? वापर नसलेल्या खोलीचा आकडा तळटीपेत जातो. मी तळटीप लिहायलाही घेतली होती. तेवढ्यात टेबलावरच्या रिकाम्या डबीकडे लक्ष गेलं. तिच्या बुडाला सशाचं गुलाबी स्टिकर चिकटवलेलं होतं. डबी मी पाच-साडेपाच फुटांवर टांगली होती. अडगळीच्या खोलीत, एवढ्या उंचीवर, ससा?

पाळणाघराच्या दारावर पाटी आहे: ‘दुपारी १ ते ३:३० मुले झोपलेली असतात. बेल वाजवल्यास उठलेले मूल आपणांस सांभाळावे लागेल.’ त्या पाटीला मान देऊन आम्ही कायम सकाळी अकराला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पावणेदोनला गेले. बेल न वाजवता काकूंना फोन केला.

‘आत्ता? बरं ये, पण चपला बाहेर आणि तोंड बंद,’ काकू कुजबुजल्या.

मागच्या खोलीत अकरा मुलं ओळीनं झोपली होती. सकाळी ज्या गाद्यांची चळत मी अडगळ समजले, त्या गाद्यांवर. खिडकी नाही, अंधार छान, पुढच्या रस्त्याचा आवाज नाही. दाराला खालून फोमची पट्टी, डास येऊ नयेत म्हणून. झोपेसाठी याहून चांगली खोली मलाही सुचली नसती. चळतीवर चढलं की चार वर्षांच्या पोराचा हात डबीला आरामात पोचतो, हेही कळलं.

मी काकूंना खरं ते सांगितलं: या वायूला वास नाही, यानं आज कुणाला खोकला होणार नाही. त्याचं पोलोनियम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य होतं, ते धुळीला चिकटून फुप्फुसात जातं, आणि धोका वर्षानुवर्षांच्या श्वासांचा असतो. काकूंनी एकच विचारलं, ‘उद्यापासून पुढे झोपवू?’ हो म्हटलं. त्यांनी त्याच संध्याकाळी पुढच्या खोलीला जाड पडदे लावले. पण पावसाळ्यात तिथे ओल येते, मागची खोली त्यांना कायमची सोडता येणार नव्हती.

फिल्मला दिवस-रात्र कळत नाही, ती तीन महिन्यांची सरासरी सांगते. म्हणून दर तासाला आकडा देणारं यंत्र लावलं आणि काकूंना दार नेहमीच्याच वेळी लावायला सांगितलं. रात्रभर आकडा चढायचा, सकाळी आठला दार उघडलं की कोसळायचा. एकला दार लागलं की पुन्हा चढण. झोपेच्या वेळची सरासरी १९० च्या आसपास.

इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, एक्झॉस्ट फॅन बसवा. इलेक्ट्रिशियननं दुसऱ्याच दिवशी वरच्या झरोक्यात फॅन बसवला, बिल काकूंनी दिलं. दोन दिवसांनी आकडे बघितले तर त्याच वेळेला ३१० च्या पुढे!

सरांना फोन केला. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. ‘खोलीतली हवा बाहेर फेकलीस. तिच्या जागी हवा कुठून येणार? दाराला तर फोम आहे.’

जमिनीतून. पण कुठल्या वाटेनं? उदबत्ती पेटवून गुडघ्यांवर सगळी फरशी फिरले. कोपऱ्यात एका प्लायवूडच्या पेटीपाशी धूर एकदम उसळून वर आला. पेटी उचलली तर आत बोअरवेलचा पाइप, जुन्या बंगल्याचा. बोअर आटल्यावर कुणी बुजवलं नाही, पाइपवर साधं झाकणही नव्हतं, आणि पाइपाभोवती बोटभर रुंदीची मोकळी फट. खालच्या खडकांच्या सगळ्या भेगांमधली हवा फॅन त्या नळीनं वर ओढत होता, नेमकी झोपलेल्या मुलांच्या उंचीवर.

सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना बोअर आहे हेच माहीत नव्हतं. पाइपाला घट्ट झाकण, भोवती सिमेंट, वर सीलंट, असं काम प्लंबरनं अर्ध्या दिवसात केलं. फॅन उलटा फिरवून बसवला, म्हणजे बाहेरची हवा आत ढकलेल, आणि दाराच्या खालच्या फळीत जाळी बसवून घेतली. डासांवरून काकूंनी माझ्याशी पंधरा मिनिटं वाद घातला. शेवटी बारीक जाळी ठरली. फॅनचे पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

आठवड्यानं यंत्र काढायला गेले तेव्हा झोपेच्या वेळचा आकडा ४० च्या घरात होता. तरी नवी डबी टांगलीच, ९० दिवसांसाठी. या वेळी खिळा सात फुटांवर ठोकायला निघाले, पण श्वासाच्या उंचीपासून फार लांब नको म्हणून पुन्हा पाचावर आणला. स्टुलावरून उतरले तर ससेवाला मागे उभा. खिशातून स्टिकरांची पट्टी काढून त्यानं विचारलं, ‘ताई, या वेळी हत्ती चालेल?’