अक्षता आधी, हळद नंतर

कॉम्प्युटरवरचे फोटो एकदा नीट लावून टाकायचे, असं दर दिवाळीच्या सुट्टीत कुणी ना कुणी म्हणतंच. आमच्याकडे हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरचा कॉम्प्युटर माझ्या टेबलावर असतो. पात्रता एवढीच. मग एकेकाने आपापली इस्टेट आणून दिली. बाबांची जुनी हार्ड डिस्क, ताईचा पेन ड्राइव्ह, ताईच्या लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेल्या डीव्हीडी, कॅलिफोर्नियाच्या काकांनी पाठवलेली भलीमोठी लिंक आणि आईचा फोन. हा शेवटचा ऐवज आईच्या हातातून तासभरासाठी काढून घेणं हेच मुळात मोठं काम होतं.

"सगळे एकत्र कर, तारखेप्रमाणे लाव आणि डबल असतील ते उडव," बाबा म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

एकत्र करायला गेलं की पहिली मारामारी नावांची. डिजिटल कॅमेऱ्याने फोटोला नाव कसं द्यायचं याचा नियम जपानमध्ये १९९८ साली ठरला. चार अक्षरं, पुढे चार आकडे. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. त्यामुळे बाबांच्या कॅमेऱ्यातला 'डीएससीएन०१२३' म्हणजे गणपतीची आरास असते आणि त्याच कॅमेऱ्यातला चार वर्षांनंतरचा 'डीएससीएन०१२३' म्हणजे आंबोलीचा धबधबा. दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकायला गेलं की कॉम्प्युटर विचारतो, जुना पुसून नवा ठेवू का? इथे घाईत 'हो' म्हणणाऱ्यांची घराणी वेगळी असतात. नावं सरसकट बदलून त्यात तारीख घालून टाकावी, हे बरं. म्हणजे मग सगळा भार तारखेवर येतो.

आणि तारीख ही आपण समजतो तेवढी साधी बाब नाही. एकेका फोटोला तीन-तीन तारखा असतात. फाइल या डिस्कवर कधी आली ती, शेवटची कधी बदलली ती, आणि कॅमेऱ्याने फोटो काढताना आतल्या आत लिहून ठेवली ती. या तिसरीला एक्झिफ म्हणतात. खरी म्हणायची तर हीच, पण तीही कॅमेऱ्याच्या घड्याळाच्या भरवशावर. बाबांच्या कॅमेऱ्यात छोटा सेल गेला की घड्याळ मूळपदावर जायचं, आणि ते परत लावण्याचा कंटाळा बाबांना पहिल्यापासून. परिणामी आमच्या घरात १ जानेवारी २००५ या एकाच दिवशी माझी मुंज, गणपतीपुळ्याची सहल, आईचा पन्नासावा वाढदिवस आणि शेजारच्या सोसायटीतली होळी असे सगळे कार्यक्रम पार पडले आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचं आणखी निराळं. तिथून येताना फोटो बारीक होतो आणि आतली तारीख गळून पडते. नावात जी तारीख दिसते ती फोटो पाठवल्या-मिळाल्याची. आईच्या फोनमध्ये तर मावशीने परवा पाठवलेला स्वतःच्या डोहाळजेवणाचा फोटो या वर्षीच्या नावाने बसलाय. मावशीला आता नात आहे. (सुप्रभातचे गुलाब आणि वाफाळते चहाचे कप वेगळे काढून मी आईला दाखवले, "हे उडवू ना?" तर म्हणाली, "राहू देत, कुणी कुणी प्रेमाने पाठवलेत.")

खरी मजा ताईच्या लग्नात आली. हे लग्न मी हॉलमध्ये बसून पाहिलंय, त्यामुळे त्यात काय आधी आणि काय नंतर याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. कॉम्प्युटरच्या मनात होती. लग्न मे महिन्यातलं, मुहूर्त दुपारी १२ वाजून १७ मिनिटांचा. काकांनी विमानातून उतरल्यावर मनगटावरचं घड्याळ लावून घेतलं, कॅमेऱ्यातलं तसंच राहिलं. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे. म्हणजे आमचा मुहूर्त त्यांच्या कॅमेऱ्यात आदल्या रात्रीच्या पावणेबाराला लागला. तारखेप्रमाणे लावल्यावर दिसलं ते असं: संध्याकाळी सीमांतपूजन, रात्री सगळं सामसूम झाल्यावर एकदम मंगलाष्टकं, डोक्यावर अक्षता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाश हळद. काकांच्या पंगतीचे फोटो रात्री दोनचे. मठ्ठा वाढणारे लोक रात्री दोनला इतके ताजेतवाने कसे, असं कुणालाही वाटेल.

काकांचं निदान सोपं होतं. सगळ्या फोटोंना साडेबारा तास पुढे ढकललं की झालं. 'डिजिकॅम' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फोटो निवडून वेळ एकदम सरकवता येते. नडले ते मिनिटांचे फरक. फोटोग्राफरचे दोन कॅमेरे, चुलतभावाचा एक, आणि तिघांच्या घड्याळांचं आपापसांत पटत नव्हतं. त्यामुळे अंतरपाट धरलाय, अंतरपाट निघाला, हार घातले, पुन्हा अंतरपाट धरलाय, ताई पुन्हा खाली बघतेय, मामा पुन्हा मागे उभे. एका फोटोत गळ्यात हार, पुढच्यात गळा मोकळा, त्याच्या पुढच्यात परत हार. नवरदेवाचा चेहरा मात्र सगळीकडे सारखाच बावरलेला, त्यावरून काही क्रम लागेना.

अशा वेळी सगळ्या कॅमेऱ्यांनी एकदमच टिपलेला एखादा क्षण शोधायचा असतो. आमच्या लग्नात तो सापडला. ताईने हार घालायला हात वर केले आणि हाराचा गोंडा भावजींच्या उजव्या बाजूच्या मुंडावळीत अडकला. मुंडावळ कानावरून ओढली गेली, भावजींनी मान वाकडी केली, करवली हसली आणि गुरुजींनी एक हात पुढे केला. गुरुजींचा तो पुढे आलेला हात तिन्ही कॅमेऱ्यांत आहे. एकात तळहात दिसतो, एकात फक्त मनगटावरचं घड्याळ आणि पवित्रक, एकात सगळे गुरुजी. मग गुरुजींच्या हाताला प्रमाण मानून बाकीच्यांची घड्याळं मागेपुढे केली आणि लग्न रांगेत लागलं. फोटोग्राफरला त्या क्षणाचे फोटो वाया गेलेले वाटले असणार. अल्बममध्ये त्यातला एकही नाही.

पुढचा गठ्ठा स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंचा. स्कॅनरला माहीत असते ती स्कॅन केल्याची तारीख, त्यामुळे आजोबांचं लग्न २०११ सालात, भाच्याच्या बारशाच्या शेजारी. या फोटोंच्या तारखा सांगू शकेल असं आता घरात एकच माणूस, आत्या. तिला फोन लावला. तिच्याकडे तारखा नाहीत, पण तिच्याकडे पानशेत आहे. पुण्यात नारायण पेठेत लहानपण गेलेल्या माणसाचा काळ १२ जुलै १९६१ या दिवशी दुभंगलेला असतो. "मागे शिसवी कपाट दिसतंय का? मग तो पानशेतच्या आधीचा. कपाट पुरात गेलं." दुसरा फोटो. "माझ्या कानात कुड्या आहेत ना? कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात केल्या होत्या त्या." म्हणजे १९६७. तिसरा. "अगंबाई, हा दुष्काळातला. वहिनीकडे बघ, किती वाळलीय." म्हणजे १९७२.

सॉफ्टवेअरला हे पुरत नाही. त्याला दिवस, महिना, साल सगळं लागतं. 'पानशेतच्या आधी' अशी सोय कुठल्याच रकान्यात नाही. तेव्हा पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी जे केलं तेच मी केलं. ज्याची जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नाही त्या पोराला १ जून. निम्म्या महाराष्ट्राचे आजी-आजोबा ज्या दिवशी जन्मले, त्याच दिवशी आता आमच्या घरातले सगळे कृष्णधवल फोटो निघालेत. शिसवी कपाटवाला १ जून १९६१ चा. आत्याचं वाक्य मात्र मी शेजारच्या वर्णनाच्या रकान्यात जसंच्या तसं लिहिलं, कारण उद्या साल चुकीचं ठरलं तर कपाटावरून तरी शोधता येईल.

चेहरे ओळखण्याची सोयही चालू करून पाहिली. पिकासामध्ये ती पूर्वी होती. गूगलने पिकासा मार्च २०१६ मध्ये बंद केलं, तरी बाबांच्या लॅपटॉपवर ते अजून सुखाने चालू आहे. नव्या सॉफ्टवेअरने घरभरचे चेहरे गोळा केले आणि आजोबांच्या नावापुढे त्यांच्या पश्चात झालेले दोन साखरपुडे, एक वास्तुशांत आणि कित्येक वाढदिवस मांडले. पाहिलं तर प्रत्येक फोटोत मागच्या भिंतीवर चंदनाच्या हारातली त्यांची तसबीर. "आजोबा हेच का?" असं तिथे दर वेळी विचारलं जात होतं. मी दर वेळी 'हो' म्हटलं. केक कापताना ते उपस्थित होतेच, आणि त्यांची नजर बरोबर केकवर आहे.

राहिलं बाबांचं तिसरं कलम, डबल उडवण्याचं. इथे मात्र माझं आणि बाबांचं जमेना. दोन फाइली अगदी बिंदूबिंदूने सारख्या असतील तर कॉम्प्युटर ते बिनचूक सांगतो. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून तो एक आकडा काढतो, आकडे जुळले की जुळे. त्यातही चित्रासारखं चित्र ओळखणारी सॉफ्टवेअरं आहेत. ती फोटो अगदी चिमुकला आणि करडा करून ताडून बघतात, म्हणजे बारीक झालेली व्हॉट्सअ‍ॅपची प्रतही पकडली जाते. पकडायला हरकत नाही. पण एकच फोटो बाबांच्या 'कोकण (गाडी बंद पडली ती)' या फोल्डरमध्ये आहे आणि ताईच्या 'छान आलेले' मध्येही. बाबांच्या लेखी त्या फोटोतला विषय म्हणजे मागची वर केलेली बॉनेट. ताईच्या लेखी तिची निळी ओढणी. यातला डबल कुठला? तारखेच्या रांगेत लावायच्या नादात ही फोल्डरं मोडली, तर फोटो सगळे राहतील आणि कुणी कशासाठी ठेवला होता ते जाईल. फोल्डरला नाव देणं हे आमच्या घरात बाबांनी केलेलं एकमेव लेखन आहे. ते मी पुसणार नाही. डिस्क आता स्वस्त झाल्यात. एका फोल्डरमध्येच दोनदा पडलेले तेवढे उडवले, बाकी दोन्हीकडे ठेवले, आणि मूळचा सगळा ढीग जसा आला तसा दुसऱ्या डिस्कवर 'हात लावू नये' या नावाने.

बाबा कुरकुरले. मग मी त्यांना सॉफ्टवेअरने 'हलक्या दर्जाची प्रत, पुसावी' म्हणून पुढे केलेला एक फोटो दाखवला. मावसबहिणीच्या केळवणात काढलेल्या मोठ्या ग्रुपमधून कुणीतरी ताईला एकटीला कापून काढलंय. फोटो धुरकट, एका बाजूला मावशीचं अर्धं कोपर आणि ताईच्या खांद्यावर कुणाची तरी अनोळखी बोटं, बांगड्यांसकट. बाबांनी चष्मा वर केला. हा त्यांनीच कापला होता, बायोडेटाला लावायला, त्या वेळी दुसरा बरा फोटो हाताशी नव्हता म्हणून. तोच भावजींच्या घरी गेला होता. भावजींना पाठवला, तर लगेच उत्तर आलं: "हाच! पण मला तेव्हापासून विचारायचंय, त्या बांगड्या कुणाच्या?"

आत्याला फोन लावलाय. ती म्हणते, बांगड्यांची नक्षी नीट दिसेल असा मोठा करून पाठव.