गच्चीवरचे ढेरपोटे

आमच्या गच्चीवर अडेनियमच्या अकरा कुंड्या आहेत. सासूबाई त्यांना ‘ढेरपोटे’ म्हणतात, आणि नाव चपखल आहे. खाली सुरईसारखं फुगलेलं खोड, वर चार काटक्या. त्या पोटातल्या पाण्यावर हे झाड अरबस्तानात, पूर्व आफ्रिकेत कोरडे महिने काढतं.

पैसे घालवून शिकले ते सांगते: पोट हवं तर बी लावा. फांदी जगते, फुलतेही, पण बुंधा तसा गरगरीत होत नाही. शेंगा शिंगांसारख्या जोडीनं येतात. बीला दोन्ही टोकांना झुपके असतात, म्हणून तडकण्याआधीच शेंग दोऱ्यानं बांधते. नाहीतर बिया शेजारच्यांच्या गच्चीवर!

कुंडी बदलताना झाड बोटभर वर उचलून लावते. उघडी पडलेली मुळं जाड होत जातात. चीक विषारी (कण्हेरीचीच भावकी ना), त्यामुळे हातमोजे घालूनच.

गेल्या श्रावणात सगळ्यात जुनं झाड गेलं. पानं हिरवी होती. बुंधा दाबला तर अंगठा आत गेला, पिकल्या चिकूत जावा तसा. आता जूनपासून सगळे ढेरपोटे पत्र्याखाली. नवरा म्हणतो, पावसात झाडांवर छत्री धरणारी तूच पहिली.