हार्पर्स फेरी अपडेट: गाव एकदाचं वर आलं!

मंडळी, प्लायचे थर रचून अमेरिकेतल्या हार्पर्स फेरी गावाचं आणि आसपासच्या डोंगरांचं मॉडेल बनवतोय, त्यात आता गाव दिसायला लागलं! मागच्या फोटोवर तुम्हीच विचारलेलं, समोरचा मेरीलँड हाइट्स डोंगर झकास उठलाय पण गाव कुठाय? तेच तर दुखणं होतं. १:१२००० स्केलला ३ मिमी प्लायचा एक थर म्हणजे साधारण १२० फूट, आणि पोटोमॅक-शेनान्डोआ नद्यांच्या संगमापाशी पाणी समुद्रसपाटीपासून २४० फुटांच्या आसपास (अख्ख्या वेस्ट व्हर्जिनियातला सगळ्यात खालचा भाग), त्यामुळे लोअर टाउन (गावाचा खालचा भाग), जॉन ब्राउनचा फोर्ट (गुलामगिरीविरोधी उठावातली इमारत), व्हर्जिनियस आयलंड हे बेट, सगळं एका थरात गडप आणि १४०० फुटांच्या वर गेलेला समोरचा डोंगर बाकी सगळे थर खाऊन बसलेला.

उंची दुप्पट ताणा असं बऱ्याच जणांनी सुचवलं, पण मला ते नाही पटत. ॲपलेचियनचे झिजलेले डोंगर उगाच हिमालय वाटायला लागतात.

मग सुचलं, सगळे थर एकाच जाडीचे कशाला हवेत? ०.५ मिमी कार्ड म्हणजे जवळपास २० फूट, यूएसजीएसच्या (अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) नकाशावर दोन कंटूरमध्ये (समान उंचीच्या रेषांमध्ये) असतं तेवढंच अंतर! तर २४० ते ३६० पर्यंत कार्डाचे सहा थर आणि त्यावर नेहमीचा प्लाय. स्केल कुठेच बिघडत नाही आणि हाय स्ट्रीटचा चढ चक्क बोटाला लागतो, मी येताजाता हात फिरवून बघतोय.

कंटूरनी मात्र छळ मांडला. १ मीटरचा लायडार डीईएम (लेझरनं मोजलेल्या उंच्यांचा डिजिटल नकाशा) थेट क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर रेल्वेच्या भरावाभोवती इतकी बारीक कडी आणि दाते येतात की कटिंगच्या लेझरखाली कार्ड जळून कोळसा. ५ मीटरला रीसॅम्पल करून (म्हणजे तपशील कमी करून) स्मूथ केलं, छोटी कडी हातानं उडवली, तेव्हा कुठे जमलं. कटिंगवाल्यानं दिलेला प्लाय पापडासारखा वाकडा निघाला ते वेगळंच, आता शीट स्वतः निवडूनच आणायची.

हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, १९३६ चा पूर दाखवता येईल की! तेव्हा नदीची पातळी मोजणाऱ्या गेजवर ३६.५ फूट पाणी होतं, बोलमन या इंजिनिअरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याचे खांब आजही नदीत उभे आहेत. ते डीईएममध्ये नाहीत, पिना टोचून दाखवीन. पुराच्या पातळीला वरून काढता येणारा पारदर्शक निळा थर ठेवायचा, त्याआधी गेजचं शून्य किती उंचीवर धरलंय ते बघून आकडा जुळवतो. म्हणजे रंगकाम पुढे ढकललं. १ मिमीपेक्षा पातळ निळं ॲक्रिलिक लेझरनं कुणी कापलंय का? कडा वितळतात का?